सकस, जातिवंत आणि नकोशी

ना. सी. फडके यांचा हिशेब मराठी समीक्षेने केव्हाच चुकता केला आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कलावादी, रंजनवादी, तंत्राचे उपासक, मध्यमवर्गीय स्वप्नांचे पुरवठादार अशी चार विशेषणे लिहिली की फडके संपतात. शेजारी वि. स. खांडेकरांचे नाव मांडून ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद एका परिच्छेदात आटोपला की विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेचीही सोय होते. या हिशेबातून एक रक्कम मात्र सातत्याने गळत आली आहे. १९२७ साली फडक्यांनी ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ या नावाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ उभी राहावी यासाठी केलेला हा पुकारा आहे, असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटलेले आहे. आणि संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारा, ‘कुलाब्याची दांडी’ लिहून झालेला आणि ‘जादूगार’च्या उंबरठ्यावर उभा असलेला हा तरुण कादंबरीकार चांगली माणसे कशी निपजतील याचा शास्त्रशुद्ध विचार मांडत होता. चार वर्षांनी, १९३१ मध्ये, त्याच लेखणीतून ‘प्रतिभासाधन’ उतरले. त्यात चांगली कथा कशी निपजते याचा शास्त्रशुद्ध विचार आहे.

या दोन पुस्तकांना एकत्र वाचण्याची गरज आपल्याला का वाटली नाही? प्रश्न विचारला की उत्तर तयार असते. ते पुस्तक समाजशास्त्राचे. त्याचा कादंबरीशी संबंध काय? लेखकाची मते वेगळी आणि त्याची कलाकृती वेगळी. आकृतिवादी समीक्षेने आपल्याला शिकवलेला हा धडा एका मर्यादेत उपयुक्तच आहे. परंतु प्रस्तुत लेखकाचा संशय असा की, येथे तो धडा केवळ आडोसा म्हणून वापरला जातो. फडक्यांचे सुप्रजाजनन आपल्या समीक्षेला दिसले नाही, कारण ज्या डोळ्यांनी ते पाहावयाचे त्या डोळ्यांवर त्याच शास्त्राचा चष्मा आहे. आपण साहित्याचे मूल्यमापन ज्या शब्दांनी करतो ते शब्द पैदाशीच्या व्यवहारातून आलेले आहेत, आणि ते कोठून आले हे आपण विसरलो आहोत.

शब्दापासूनच आरंभ करणे बरे. फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये ग्रीक धातूंवरून ‘यूजेनिक्स’ ही संज्ञा घडवली तेव्हा इंग्रजी वाचकाला ती परकी, काहीशी दवाखान्यातली वाटली असणार. मराठीत ती ‘सुप्रजाजननशास्त्र’ होऊन आली आणि पहिल्या दिवसापासून घरची झाली. ‘सुप्रजा’ हा शब्द आपल्या कानांनी आशीर्वादात, संकल्पात, पहाटेच्या स्तोत्रात ऐकलेला. ज्या शब्दाच्या आरंभी ‘सु’ आहे त्याच्याशी भांडण कोण करील? पण ‘सु’ हा उपसर्ग कधी एकटा येत नाही. तो उच्चारला की न उच्चारलेला ‘कु’ मागच्या दाराने आत येतो, आणि त्याच्या वाट्याला कोण जायचे याचा निर्णय कोणीतरी करावा लागतो. या शास्त्राचा सगळा इतिहास त्या ‘कोणीतरी’चा इतिहास आहे.

१९२७ हेच वर्ष जरा निरखून पाहावे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा वैध ठरवला आणि कॅरी बक नावाच्या तरुण स्त्रीवर शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग मोकळा केला. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धी आहेत, असे गृहीत धरण्यात आले होते. ते गृहीतच खोटे असल्याचे पुढे उघड झाले. त्याच वर्षी बर्लिनच्या डाहलेम भागात मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन यांची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर. १९३३ च्या जुलैत जर्मनीत आनुवंशिक रोग असलेल्यांच्या निर्बीजीकरणाचा कायदा आला, आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्याच १९२७ मध्ये, जुलै महिन्यात, मुंबईत र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ निघाले. आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडचे चवदार तळे झाले, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली.

शेवटच्या दोन घटना या मालिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या ग्रंथाच्या नवव्या-दहाव्या अध्यायांत बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याची चर्चा चालते, कोणत्या वर्णाच्या पुरुषाने कोणत्या वर्णाच्या स्त्रीच्या ठायी उत्पन्न केलेली संतती कोणत्या पायरीवर बसवावयाची याची कोष्टके मांडली जातात, त्या ग्रंथाचे दहन हे आपल्या भूमीवर सुप्रजाजननाला मिळालेले पहिले जाहीर उत्तर आहे, असे मी समजतो. आपल्या साहित्येतिहासात ते वेगळ्या प्रकरणात पडते. फडके ‘दोन महायुद्धांमधील कादंबरी’त, महाड ‘दलित साहित्याची पार्श्वभूमी’त. प्रकरणे पाडण्याची ही पद्धतही एक प्रकारचे सोवळेच होय.

आता ‘त्या काळी सगळेच तसे म्हणत’ या युक्तिवादाकडे वळू. लेखकाला त्याच्या काळाच्या चौकटीत पाहावे हे मान्य. पण काळाच्या चौकटीत एकटा लेखकच का उभा करायचा? १९३४ मध्ये गो. म. जोशी यांचे ‘हिंदूंचे समाजरचनाशास्त्र’ प्रसिद्ध झाले. त्यात पाश्चात्त्य आनुवंशिकशास्त्राच्या आधाराने जातिव्यवस्थेचे समर्थन होते. म्हणजे ज्याला सुधारक दोष म्हणत आले तो जातींतर्गत विवाह हीच आपल्या पूर्वजांची शास्त्रीय दूरदृष्टी. आणि १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलना’च्या आपल्या निबंधात हा जीवशास्त्रीय बचाव नाव घेऊन तपासला. त्यांचा प्रश्न सरळ होता. जातीमुळे उत्तम वंश निपजतो म्हणता, तर हजारो वर्षांच्या या निवडीतून निघालेली प्रजा इतकी खुजी, इतकी दुर्बळ, सैन्यभरतीत बहुसंख्येने नाकारली जाणारी कशी? येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आंबेडकर त्या ठिकाणी सुप्रजाजननाचे तत्त्व धुडकावून लावीत नाहीत. जात खरोखर तसे काही करीत असती तर आक्षेपाला जागा नव्हती, असे क्षणभर मान्य करून ते प्रतिपक्षाला त्याच्याच मोजपट्टीने मोजतात. ही वादातली चाल आहे की त्या काळच्या शास्त्रावरचा विश्वास, यावर मतभेद होऊ शकतो. पण मोजपट्टी कोणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक होते, याविषयी मतभेद संभवत नाही.

ते त्यांना ग्रंथांतून कळले नव्हते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव दाखल झाले. त्यांची आई साताऱ्यातच वारली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी नोकरीस होते. त्यांना भेटायला निघालेल्या या मुलांना मसूर स्टेशनावर जात सांगितल्याबरोबर गाडीवान मिळेनासा झाला आणि वाटेत पाणी मिळाले नाही. मुले चांगल्या कपड्यांत होती, नीटनेटकी होती. स्टेशनमास्तरने ती ब्राह्मणांची समजली होती. ज्याला डोळ्यांनी ओळखता येत नाही त्याला ‘वंश’ म्हणतात, हा धडा नऊदहा वर्षांच्या मुलाला त्या फलाटावर मिळाला. पुढे १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात त्यांनी नाकांची मापेच पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही असे दाखवले, त्यामागे हा फलाट असणार, असे मला नेहमी वाटते.

आणि इरावती कर्वे? पुण्याहून बर्लिनला जाऊन त्याच डाहलेमच्या संस्थेत, त्याच फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध केला. कवट्यांत पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. युरोपीय कवटीची ठेवण वेगळी, म्हणून बुद्धीही वरचढ, अशा अर्थाचे गृहीतक पडताळावयाचे होते. इरावतीबाईंना मापांतून ते निघाले नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. मार्गदर्शक संस्थेचा संचालक असताना एका परदेशी विद्यार्थिनीने असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे त्यांनी महाराष्ट्रात जातींची मापे घेणे सोडले नाही, हेही खरे. पण ‘युगान्त’मध्ये कुरुवंश टिकवण्याच्या हट्टापायी कोणकोणत्या स्त्रिया कशा भरडल्या गेल्या हे ज्या कोरड्या डोळ्यांनी त्यांनी पाहिले, त्या डोळ्यांना डाहलेमची पार्श्वभूमी आहे. ‘युगान्त’वर आपल्याकडे उदंड लिहिले गेले, कवट्यांचा उल्लेख त्यात तळटीपेइतकाच. तेव्हा ‘त्या काळी सगळेच’ हे खरे नाही. त्या काळी निवड करता येत होती.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. संततिनियमन आणि सुप्रजाजनन या दोन गोष्टी एकाच पिशवीत टाकून दोहोंवर दगड मारणे सोपे आहे, आणि अलीकडे तशी टूम आहे. र. धों. कर्व्यांचे लेखन सुप्रजाजननाच्या भाषेपासून सर्वस्वी मुक्त नव्हते. तरीही मूल हवे की नको हे स्त्रीने ठरवावे, हा त्यांच्या आयुष्यभराच्या खटाटोपाचा गाभा होता. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. त्यासाठी आंबेडकरांनी तयार केलेल्या भाषणाचा भर बाळंतपणांनी खंगणाऱ्या बाईवर आणि दारिद्र्यावर आहे. ठराव फेटाळला गेला. फरक कर्त्याचा आहे. एका ठिकाणी बाई स्वतःसाठी ठरवते. दुसऱ्या ठिकाणी कोणी तिसरा तिच्या उदरातून काय निघावे हे राष्ट्रासाठी, वंशासाठी, कुळासाठी ठरवतो. फडक्यांच्या पुस्तकात संततिनियमनाचा आणि विवाहसुधारणेचा धीट पुरस्कार आहे. १९२७ मध्ये असे लिहिणे सोपे नव्हते हे मी नाकारीत नाही. पण धीटपणा कशासाठी खर्च होतो हेही पाहावे लागते.

तिसऱ्याच्या हाती निर्णय गेल्यावर काय होते, याचे दाखले स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातही आहेत. १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली, तेव्हा ‘त्यांच्याच भल्यासाठी’ हे समर्थन अनेक सुशिक्षितांनी मनापासून केले. ‘सु’ त्याही वाक्यात होता.

आता समीक्षेच्या कोशाकडे येऊ. आपण चांगल्या कवितेला काय म्हणतो? सकस. कसदार. वाईट कवितेला? निकस, हीणकस. खरा लेखक ‘जातिवंत’ असतो, अभिरुची ‘निकोप’ असावी लागते, निष्फळ चर्चा ‘वांझोटी’ असते, अनुकरण करणारा ‘उसन्या बीजावर’ जगतो. कलाकृती सेंद्रिय असते, तिचा घाट ‘आतून वाढतो’. देशीवादाने फडके-खांडेकरी कादंबरीवर जो हल्ला चढवला तो अनेक अर्थांनी न्याय्य होता. पण त्याचीही शस्त्रे याच कोठारातली. मूळ, माती, वाण, रुजणे, कलम, संकर. पूर्वी उच्चकुलीन अभिरुचीने ग्रामीण लेखनाला हीणकस ठरवले. नंतर ‘मातीतल्या’ अभिरुचीने शहरी लेखनाला निकस ठरवले. प्रत्येक पिढीने कोणाला तरी वाणातून बाद केले, आणि कोणत्याच पिढीला ही सारी भाषा बैलबाजाराची आहे याची आठवण झाली नाही.

बैलबाजाराला मी नावे ठेवीत नाही. माणदेशात, आटपाडीकडे, खिलार खोंडाची परीक्षा चालते ती ज्याने पाहिली आहे त्याला त्या ज्ञानाचा आदरच वाटेल. दात बघतात, खुरे बघतात, वशिंड चाचपतात, भोवरा कोठे आहे ते बघतात, चालवून पाहतात, वळू कोणाचा होता ते विचारतात. ‘जातिवंत’ हा शब्द तेथे काटेकोर आहे, कारण तेथे गिऱ्हाईक समोर उभे असते. खोंड नांगराला हवा, गाडीला हवा, शर्यतीला हवा. त्या कामाच्या हिशेबाने तो चांगला किंवा वाईट. खोंडाचे स्वतःचे म्हणणे विचारात घेतलेले नसते आणि घेतले आहे असे कोणी भासवीतही नाही. माणसाला जातिवंत म्हणताच हे गिऱ्हाईक दिसेनासे होते. जणू तो कोणासाठी चांगला नसून, नुसताच चांगला आहे. साहित्यकृतीला सकस म्हणतानाही नेमके हेच घडते. सकस कोणाला? कोणाचे पोट भरायचे आहे? हा प्रश्न ज्या क्षणी पुसला जातो त्या क्षणी टीका संपून पैदास सुरू होते.

फडक्यांच्या कादंबरीकडे आता पाहावे. त्यांचे नायक-नायिका बहुधा देखणे, निरोगी, सुशिक्षित, सुखवस्तू असतात, हा आक्षेप जुना आहे. तो वास्तवाच्या नावाने घेतला गेला. जीवन असे नसते, असे खांडेकरांच्या पक्षाने म्हटले. मला त्यात रस नाही. जीवन कसे असते हे कादंबरीला बंधनकारक नाही. प्रश्न असा की, या कादंबऱ्यांत प्रेमाचा अधिकार कोणाकोणाला मिळतो? कुरूप, रोगी, अपंग, काळी, दरिद्री माणसे कथेच्या कोणत्या कोपऱ्यात उभी असतात? फडक्यांनी हे सुप्रजाजननाचा प्रचार म्हणून केले, असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे बालिश होईल. मी म्हणतो ते इतकेच की, ‘तंत्र’ म्हणून ज्याची वाखाणणी किंवा हेटाळणी झाली ती निवडीची एक शिस्त होती, आणि त्याच लेखकाने तीच शिस्त समाजासाठीही सुचवली होती. खांडेकर तर सांगलीत जन्मलेले; दुर्बळांविषयीची त्यांची कणव खरी होती. पण ‘जीवनासाठी कला’ म्हणताना जगण्याला लायक कोण हा प्रश्न त्यांच्या बाजूनेही वादाच्या मध्यभागी कधी आला नाही. कणव वरून खाली वाहते. ती निवडीची पायरी मोडीत नाही.

ती मोडणारे लेखन फार लांब नव्हते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ १९४९ मधली. खिलार जेथे जातिवंत ठरतो त्याच मुलखातली ही माणसे. कोणी अर्धवट, कोणी बेकार, कोणी कुठेच न बसणारे. लेखक त्यांचे दात मोजत नाही. ती कशासाठी उपयोगी आहेत हे विचारीत नाही, त्यांच्याविषयी गहिवरतही नाही. आपण त्यांना ‘अस्सल ग्रामीण’ म्हटले, म्हणजे पुन्हा शिक्का मारून मोकळे झालो.

१९४९ पर्यंत सातारा आणि सांगली हा बहुतांशी एकच जिल्हा होता. कृष्णेच्या खालच्या अंगाचे तालुके आधी दक्षिण सातारा झाले आणि १९६० मध्ये सांगली. या जुन्या जिल्ह्यातच, वाळवा तालुक्यातील वाटेगावात, १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची ‘फकिरा’ (१९५९) आपल्याकडे शौर्यकथा म्हणून वाचली जाते. तिच्यातली हजेरी मात्र आपण ओलांडून जातो. मांगाने दिवसातून ठरल्या वेळी सरकारी अंमलदारापुढे उभे राहून आपण गावातच आहोत हे सिद्ध करावयाचे, कारण तो चोर आहे. आणि तो चोर आहे, कारण तो मांग जन्मला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, १९११ मध्ये मुंबई इलाख्यासही लागू झालेला, गुन्हा रक्तातून उतरतो या समजुतीवर उभा होता. व्हर्जिनियाच्या खटल्यातला न्यायाधीश तीन पिढ्यांविषयी बोलला. येथील कायदा पिढ्या मोजण्याच्या भानगडीत पडलाच नाही. युरोप-अमेरिकेत सुप्रजाजननाचे कायदे होण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे त्याची हजेरीपुस्तके भरत होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यातली स्मरणशक्ती रद्द झाली नाही.

आणि फलटण तालुक्यातून, सातारा जिल्ह्यातूनच, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले. कैकाडी हीही त्या यादीतली जमात. ‘उपरा’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, परीक्षणे भरभरून आली. त्या परीक्षणांतली विशेषणे आठवावीत: अस्सल, रांगडे, जिवंत, दाहक, अनुभवसमृद्ध. सगळी बियाण्याच्या पाकिटावर छापता येतील अशी. ज्या माणसाने ‘जन्माने ठरवणे’ हाच अपराध आहे असे सांगण्यासाठी अख्खे पुस्तक लिहिले, त्याच्या लेखनाचे मूल्य आपण त्याच्या जन्मावरून ठरवले आणि त्याला गौरव म्हटले. तो अनुभवतो, विचार आपण करतो. हजेरी येथेही चालूच होती, फक्त अंमलदार प्राध्यापक होता.

‘उपरा’ हे दुसऱ्यांनी दिलेले नाव. असेच आणखी एक नाव याच जिल्ह्यात शाळेच्या पटावर होते. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, कारण त्यांची जुनी नावे ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी होती. मुलीवर मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो. आपल्याकडे मुलग्यांनाही ओंगळ नावे ठेवण्याची चाल होती. दगडू, धोंडू, केरू. पण तेथे हेतू उलटा. मूल जगावे, दृष्ट लागू नये, यमाने त्याला टाकाऊ समजून सोडून द्यावे म्हणून ते नाव. दगडूचे नाव मृत्यूला फसवण्यासाठी होते. नकोशीचे नाव तिच्या मागून येणाऱ्या बहिणीला दारातच थांबवण्यासाठी. ‘नकोसा’ हे विशेषण मराठीत तिन्ही लिंगी चालते, नाव मात्र एकाच लिंगी. शैलीविज्ञानावर परिसंवाद भरवणाऱ्या आपल्या विद्यापीठीय समीक्षेला या एका शब्दावर निबंध लिहावासा वाटू नये, याचे मला नवल वाटते.

नाव दारात थांबवू शकले नाही ते यंत्राने थांबवले. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ होत्या. राज्याची सरासरी ९१३. गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यात तीच संख्या ९६० च्या वर. म्हणजे दारिद्र्य आणि अज्ञान ही कारणे येथे चालत नाहीत. हा उसाचा, पाटपाण्याचा, सहकारी कारखान्यांचा मुलूख; सत्यशोधकांचा, नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मुलूख, जेथे चाळीसच्या दशकात हुंड्यावाचून ‘गांधी विवाह’ लागले; भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली तो मुलूख. भाऊरावांचे वसतिगृह हे बीजवादाला दिलेले केवढे मोठे उत्तर होते! आणि त्याच मुलखात, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, २०१७ च्या मार्चमध्ये एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाल्यावर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण निघाले. प्रसवपूर्व लिंगनिदानावर देशात पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्र, १९८८ साली.

याला सुप्रजाजनन म्हणणे ही ताणाताण आहे, असा आक्षेप येईल. ते राज्यसंस्थेचे, वंशाच्या नावाने चाललेले कारस्थान होते. हा कुटुंबाचा खाजगी निर्णय, हुंड्याच्या आणि शेतीच्या वाटणीच्या धाकाने घेतलेला. आक्षेप वजनदार आहे, पण तो गाल्टनला न वाचल्यामुळे येतो. गाल्टनची अपेक्षा पोलिसांवर विसंबलेली नव्हती. हा विचार राष्ट्राच्या मनात नव्या धर्मासारखा मुरावा, रूढी व्हावा, असे त्याला वाटत होते. कायदा नको, रिवाज हवा. जर्मनीला जे करण्यासाठी न्यायालये आणि दवाखान्यांची साखळी उभारावी लागली, ते आमच्या ऊसपट्ट्यात कायद्याच्या विरोधात, घरातल्या घरात, सासूसुनांच्या कुजबुजीत आणि डॉक्टरच्या एका सूचक हसण्यात पार पडले. गाल्टनचे स्वप्न कोठे पूर्ण झाले असे कोणी विचारले तर मी बर्लिनचे नाव घेण्याआधी थांबेन. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या ‘गोरी, उंच, सुस्वरूप, स्वजातीय’ अशा जाहिराती आणि गर्भसंस्काराच्या वर्गांची पत्रके वाचणाऱ्यास पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर ‘हे समाजकार्याचे विषय, समीक्षेचे नव्हेत’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. सुप्रजा, जातिवंत, सकस, नकोशी हे शब्द आहेत. आणि शब्दांची चौकशी जर आपण करणार नसू तर ती कोणी करायची? आरोग्य खात्याने? म्हणून एक व्यवहार्य सूचना करतो. फडके-खांडेकर वाद ज्या अभ्यासक्रमात नेमलेला असेल तेथे त्याच्या जोडीला १९२७ चे इंग्रजी पुस्तक आणि ‘फकिरा’तील हजेरीचा भाग नेमावा. ‘प्रतिभासाधना’वर लिहिणाऱ्याने सँगरबाईंच्या प्रस्तावनेची दखल घ्यावी, आणि परीक्षण लिहिताना ‘जातिवंत’ हा शब्द लेखणीतून उतरू लागला तर त्या ठिकाणी गिऱ्हाईकाचे नावही लिहावे. प्रश्नाला गुण किती ठेवायचे ते अभ्यास मंडळाने ठरवावे.